चक्कीच्या पुढे

अंजनाबाईंनी इंदोरा वस्तीच्या गल्ल्यांमध्ये एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून पायपीट केली. कोणाच्या दाराला किती पायऱ्या, कोणाचा कुत्रा मोकळा असतो, सगळं त्यांना पाठ. निवृत्तीनंतर काचबिंदूने आधी डावा डोळा नेला, मग उजवा. आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. उन्हाळ्यापासून सून रोशनीने त्यांचं एकटीनं बाहेर जाणं बंद केलं होतं.

चार गल्ल्या पलीकडे सुभद्रा राहायची. दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या. सुभद्रा दोन महिन्यांपासून अंथरुणावर होती. ‘रविवारी नेतो’ म्हणता म्हणता अंजनाबाईंच्या मुलाचे, प्रशिकचे, चार रविवार ड्यूटीत गेले.

एका सकाळी रोशनी नातीला शाळेत सोडायला गेली आणि अंजनाबाई काठी घेऊन निघाल्या.

ऑक्टोबरचं ऊन आठ वाजताच टोचत होतं. सातविणीच्या फुलांचा रात्रीचा जड वास अजून हवेत होता. तर्रीचा वास आला, म्हणजे पोह्याच्या ठेल्याचा कोपरा. पुढे पिठाच्या चक्कीची घरघर ऐकली की डावीकडे वळायचं. पण घरघर आलीच नाही. वीज गेल्यामुळे चक्की बंद होती, हे त्यांना नंतर कळलं. त्या सरळ चालत राहिल्या.

पायाखाली गिट्टी लागली. इथे गिट्टी नसते. त्या थांबल्या, काठी पुढे टेकवली. काठी कुठेच टेकली नाही. झटका बसला आणि ती हातातून निसटली. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला.

सिमेंट रोडच्या नालीसाठी खोदलेला खोल खड्डा. रोशनी म्हणाली होती खरी, कुठेतरी खोदून राहिले म्हणून.

हाक मारावी तर मोहल्लाभर बोभाटा होईल, मग घरातून पाय काढणं कायमचं संपेल. त्या गप्प उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागून गाडी रिव्हर्स घेतल्याची टिटटिट ऐकू आली. इंजिन जवळ येत होतं. डावीकडे सरकावं की उजवीकडे, कळेना.

“थांबव गा!” त्या ओरडल्या. “आंधळी बाई हाय इथं!”

हे शब्द त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदाच उच्चारले होते.

टिटटिट थांबली. कोणीतरी धावत आलं. “मावशी, हालू नका. मी पायल, चक्कीवाल्या मधुकररावांची सून. माझा हात धरा.”

“सुभद्राच्या घरी पोहोचवून दे वं मले,” अंजनाबाई म्हणाल्या. “आणि माझ्या घरी फोन कर.”

सुभद्राच्या खाटेवर बसून त्या तिचा हात चोळत होत्या, तेव्हा रोशनी धापा टाकत आली.

“काहून केलं असं, आई?”

“घरात बसून बसून रस्ता विसरून राहिली होती मी. अजून थोडे दिवस गेले असते तर पुरताच विसरला असता.”

रोशनीने डोळे पुसले. राग गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने नवी काठी आणून सासूच्या हातात दिली.

“चला. मी मागून येतो. हात धरणार नाही, पण थांबा म्हटलं की थांबायचं.”

अंजनाबाई पुढे निघाल्या. मागे चार पावलांवर चपलांचा आवाज येत होता.