उचलून दाखवा

जेवायला बसण्याआधी मावशी चटईवरून तळहात फिरवायची, टाचणी राहिली नाही ना म्हणून. घरात टाचणी कुठून येणार? पण शिवणकामाच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर कापड अंथरण्यात, चुण्या काढण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. हाताला सवयच लागली होती.

गर्भाशयाच्या ऑपरेशननंतरची रजा संपत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं : कामावर जायला हरकत नाही, जड उचलू नये. सुपरवायझरला सगळ्या जणी पाठीमागे फूटपट्टी म्हणायच्या. त्याने ते वाचून परत केलं. "हलकं काम आपल्याकडे नसतं. जुनं काम पूर्ण जमत असेल तरच परत घ्यायचं, असा नियम आहे. सोमवारी तागा उचलून दाखवा."

"अहो, पोटातलं सामान काढलंय, हात आहेत जागेवर," मावशी हसून म्हणाली. तो हसला नाही.

पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळलेला कापडाचा तागा जमिनीवरून टेबलावर चढवायचा. मावशी घरी पाण्याची बादली उचलून सराव करू लागली. अर्ध्या बादलीलाच भिंतीला टेकायची. मी ओरडले की म्हणायची, "मग चूल काय तुझ्या पुस्तकांवर पेटवू?"

तिच्या टेबलावरची जोडीदारीण, आक्का, हिने शनिवारी संध्याकाळी एका नळीभोवती स्पंज गुंडाळला आणि वरून कापडाचे चार वेढे दिले. सोमवारी हात लावताच मावशीला कळलं. तरी उचलताना ती चांगली कण्हली. फूटपट्टीने मान डोलावली.

"नाटकात जायला हवं होतंस गं," आक्का नंतर कुजबुजली.

"गप. हसू फुटलं असतं मला."

खरे तागे आक्का चढवणार, असं दोघींचं तिथेच ठरलं. पण पूर्ण बऱ्या झालेल्या बाईला अनुभवी जोडीदारीण कशाला? फूटपट्टीने दुपारीच आक्काला दुसऱ्या टेबलावर हलवलं आणि मावशीकडे एक नवखी, किरकोळ अंगाची पोरगी दिली. खरं सांगावं, तर दोघींचीही नोकरी गेली असती. मावशी तागे उचलत राहिली.

त्याच आठवड्यात ती टेबलापाशी खाली बसली. साडी रक्ताने भिजली होती. आतले टाके तुटले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात तिच्या खाटेवर बसले होते. पायथ्याशी उभी आक्का रडत होती, "मीच गं तो तागा..." मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचा तळहात चादरीवरून हळूहळू फिरत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"ऊठ जरा," ती म्हणाली. "तू बसलीयस तिथे चुणी पडलीय."