जकात नाक्यावरचा धूर

माझं अक्षर चांगलं आणि मसुदा त्याहून चांगला, असा तरुणपणी माझा पक्का समज होता. त्या समजापायी माझ्या हातून जे झालं ते आज सांगून टाकतो.

सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं. लोणावळ्याच्या अलीकडे, कार्ल्याच्या बाजूला असलेल्या जकात नाक्यावर मी नगरपालिकेचा कारकून होतो. राहायला घोरावाडीला, थोरल्या भावाकडे. सकाळच्या लोकलने यायचं, संध्याकाळी परत. वहिनी ताट झाकून ठेवायची. भाऊ "आलास?" म्हणायचा, मी "आलो" म्हणायचो, की आमचं दिवसाचं बोलणं संपलं. वाईट कुणीच वागत नव्हतं. पण त्या घरात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं आणि ते मला रोज जेवताना कळायचं.

माझ्याशी बोलणारं माणूस होतं ते नाक्यावर. नाक्याला लागून एका मावशीची टपरी होती. डोंगरावरच्या वाडीतली बाई, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. चहा करायची, उकडलेल्या शेंगा विकायची. कुठल्या ड्रायव्हरची बायको बाळंत झाली, कुणाचं गावाकडे भांडण लागलं, हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक. मला ती "कारकून" म्हणायची. "कारकून, तुजं लगीन काय त्या पावतीबुकाशीच लावायचं व्हय?" असं चारचौघांत विचारायची आणि मला ते आवडायचं. माझी चौकशी करणारं दुसरं कोण होतं?

नाक्यावर ट्रक थांबायचे ते इंजिन चालू ठेवूनच. बहुतेकांच्या बॅटऱ्या मेलेल्या. एकदा गाडी बंद केली की धक्का मारायला चार माणसं कुठून आणायची? पावसाळ्यात धुकं खाली आलं की तो काळा धूर जागचा हलत नसे. मी नाकाला रुमाल बांधून पावत्या फाडायचो. मावशी खोकायची. आधी नुसती सकाळी, मग दिवसभर. पुढे पुढे बोलता बोलता थांबून टपरीचा बांबू धरायला लागली. तिला काही झालं तर आपलं कसं होणार, हाच विचार माझ्या मनात यायचा. काळजी तिची कमी, माझीच जास्त होती.

धुराच्या तक्रारी नगरपालिकेत येतच होत्या, आणि नवे अध्यक्ष ऐकून घेणारे होते. मी अर्ज लिहायला बसलो. नाक्याच्या पुढे, वळणापलीकडे रस्ता उताराला लागतो. ट्रक तिथे उभे केले तर ड्रायव्हर इंजिन बंद करायला का-कू करणार नाहीत. ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, गिअर टाकला की झाली चालू. ही युक्ती माझी. कारकुनाने तिथे जाऊन पावती फाडावी, हेही माझंच. लिहिता लिहिता हात सुटला आणि शेवटी मी आणखी एक कलम घातलं: 'सदर जागा मोकळी राहावी म्हणून तेथे कोणतीही टपरी अगर हातगाडी लावू देऊ नये.' अशा वाक्याने अर्जाला वजन येतं.

कारकुनानेच अर्ज करणं बरं दिसेना, म्हणून खाली मावशीचा अंगठा घेतला.

"काय लिवलंस?" तिने विचारलं.

"तुझा खोकला जाईल असं लिहिलंय."

"मंग आन हिकडं."

तिने अंगठा उठवला, पदराला पुसला आणि चहाचं आधण ठेवलं.

अर्ज मंजूर झाला. नगरपालिकेने काम मनापासून केलं. उतारावर मुरूम पडला, 'इंजिन बंद करा' अशी पाटी लागली, आणि माझा मसुदा ठरावात जसाच्या तसा उतरला. मला कोण आनंद!

पहिल्या दिवशी मी उतारावर उभा राहून पावत्या फाडल्या. ट्रक एकामागून एक गप्प होत होते. खाचरांतल्या बेडकांचा आवाज मी नोकरीत पहिल्यांदा ऐकला. दुपारी चहाला मागे आलो तर मावशीचं पातेलं तसंच भरलेलं.

"आज कुनी आलंच न्हाई रं. कुटं गेली समदी?"

"येतील उद्या," मी म्हणालो.

कशाला येतील? पावती मिळाली की ड्रायव्हर ब्रेक सोडून खाली. वळण चढून मागे चहाला कोण येतो? आठ-दहा दिवसांनी मावशीने टपरीचे बांबू सोडले आणि उतारावर आणले. नगरपालिकेच्या ओव्हरसियरने तिला अडवलं. माणूस वाईट नव्हता. अवघडून म्हणाला, "मावशी, टपरी नको असं तुमच्याच अर्जात आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मुरमाकडे बघत होतो.

पाऊस सरायच्या आत ती कुरवंड्याला भावाकडे निघून गेली. ते कलम काढा, असा दुसरा अर्ज मला त्याच दिवशी करता आला असता. पण मग पहिला कुणी लिहिला ते सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. नाक्यावर हवा स्वच्छ होती, आणि दिवसभरात माझ्याशी कुणी एक वाक्य बोलत नव्हतं.

थंडी पडल्यावर एकदाचा अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. पुढच्याच सभेत कलम निघालं. इतकं सोपं होतं ते. त्या रविवारी मी लोणावळ्याला उतरून चालत कुरवंडं गाठलं.

मावशी अंगणात उन्हाला बसून तांदूळ पाखडत होती. मी बोलत होतो तितका वेळ ती एकदाही खोकली नाही.

"खोकला ग्येला माजा," ती म्हणाली. "त्ये काम तू चांगलं केलंस."

"मग चल. टपरी उतारावर लावू. आता कुणी अडवणार नाही."

"न्हाई रं." तिने सूप खाली ठेवलं. "येवढी वर्सं शेजारी बसलो आपन. अंगठा घेताना वाचून दावायला तुला काय झालतं?"

मी दर रविवारी येत जाईन, असं काहीतरी बोललो.

"नगं येऊ. तू ग्येलास की मंग मला लय जड जातंय."

भाकरी खाऊन जा म्हणाली. मी खाल्ली. पुन्हा मी तिकडे गेलो नाही. तिनेच नको म्हटलंय, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे तिच्यासमोर बसायची मला हिंमत नव्हती.