गुढीची काठी

नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा उग्र वास आला की मला फुलंब्रीकडच्या आमच्या गावातला तो पाडवा आठवतो. सकाळी नळाला पाणी सुटलं आणि बायका ओरडल्या, "पाण्यात कुणी तरी काय तरी कालवलंय!" बघता बघता सारं गाव ग्रामपंचायतीच्या विहिरीवर जमलं. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायला दोघं होते, एक आमच्या आळीतला, एक मशिदीजवळचा. दोघं आळीपाळीनं टाकायचे. मशिदीजवळच्याला पहाटे कुणी तरी तिथं पाहिलं होतं. "आज तुझी पाळी नाय, मग कशाला आलता?" म्हणत एकानं त्याची कॉलर धरली. रमजानच्या रोज्यानं ओठ सुकलेले, त्याला शब्दच फुटेना. मागं काठ्या वर झाल्या, गुढीसाठी धुऊन ठेवलेल्या वेळूच्या. एक माझ्या वडिलांच्या हातात होती. तेवढ्यात सरपंचबाईंनी आमच्या आळीतल्याला पुढं ओढलं, "तू टाकली का पावडर?" "व्हय, पाळी माझीच हाय की." तेव्हा कुठं तो दुसरा बोलला, "म्या बी टाकली. त्याचा सण हाय, म्हटलं निवांत गुढी उभारू दे." काठ्या हळूहळू खाली आल्या. घरी येऊन वडिलांनी त्याच काठीवर गुढी उभारली. आजही पाडव्याला हात जोडताना माझी नजर आधी काठीवर जाते.