पंख्याच्या दोन दांड्या

मी मंडपवाल्याचा टेम्पो चालवतो. शाळेत इतके कमी दिवस गेलो का मास्तरनं मले ओळखाच्या आधीच माहं शिक्षण संपलं. असा माणूस कॅमेरा शिकाले निघाला, तं घरचे हसणारच.

लग्नात एक म्हातारे फोटोग्राफर येत. त्यायनं मले आपला जुना कॅमेरा देल्ला अन् म्हणे, "ऑटोवर तं माकड बी फोटो काढते. तू मॅन्युअलवर शीक. घरचा पंखा लाव. एका फोटोत पाती जागच्या जागी थांबलेली पाहिजे. दुसऱ्यात पाती फिरलेली अन् बाकी सगळं थांबलेलं. जमलं का ये."

मे महिना होता. कूलरची मोटर जळलेली. आमच्या खोलीत एकच पंखा, अन् त्याच्या बरोब्बर खाली लोखंडी पलंगावर आई. न्हाणीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण कूस बदलणं बी तिच्या हातात नव्हतं. मी दारात उभा राहून तिच्या डोक्यावरच्या पंख्याचे फोटो काढू लागलो.

पहिला फोटो लवकर जमला. शटर एकदम फास्ट केलं, फोटो काळा पडू नये म्हणून आयएसओ वाढवला, पाती अशी थांबली का लाईन गेल्यासारखी. दुसऱ्यानं जीव खाल्ला. शटर हळू केलं, पातीची मस्त चकती झाली, पण पंखा ज्या दांडीले लटकते ते दांडी एकाची दोन दिसे.

"तुहा हात हलते बे," फोटोग्राफर म्हणाले. "श्वास रोखून काढ. अन् तो तंबाखूचा खर्रा सोड."

खर्रा सोडला. श्वास असा रोखला का बायको कणकेच्या हातानं धावत आली, "काय झालं जी?" तरी दांड्या दोनच.

आई खालून म्हणे, "तुहा हात कधी सरळ होता गा? वरण वाढते तं अर्धं ताटात, अर्धं चटईवर." मंग म्हणे, "अन् वरून काय पडून राहिलं पाह्य बरं. तोंडात किचकिच लागते."

उशीवर काळी बारीक भुकटी होती. मी फडक्यानं झटकली. म्हटलं, "जाळं असन." अन् परत दारात गेलो, काहून का उजेड चांगला होता.

"कट-कट बी वाजते," आई म्हणाली.

"ते कॅमेऱ्याचं शटर आहे वं."

"तू टेम्पोवर जाते तवाबी वाजते."

मी हसलो. मले वाटलं, पडून पडून म्हातारी कंटाळली.

मंग मी शेवटची अक्कल लावली. कॅमेरा गव्हाच्या कोठीवर ठेवला, टायमर लावला अन् स्वतः बाहेर जाऊन उभा राहिलो. फोटो पाहिला. दांड्या दोनच, अन् आता पहिल्यापेक्षा जास्त दूर. म्हटलं, धन्य आहो आपण! हात न लावता बी आपला हात हलते.

बायकोले दाखवला. ते बराच वेळ स्क्रीनकडं पाहत राहिली. "कॅलेंडरवरची तारीख वाचता येऊन राहिली जी. ट्यूबलाईट साफ आहे. मंग दांडीच काहून हलली?"

"तेच तं शिकून राहिलो मी."

ते हसली नाही. तिनं वर पाहिलं. मंग मी बी पाहिलं. इतके दिवस त्या पंख्याकडं मी फक्त कॅमेऱ्यातून पाहत होतो. पूर्ण पंखा झुलून राहिला होता, अन् दांडी जिथं हूकले अडकते तिथून काळी भुकटी आईच्या तोंडावर पडून राहिली होती.

मी बटनाकडं धावलो. बायकोनं हात धरला. "बंद नोका करू! थांबता थांबता जास्त झोके घेते थो. आधी पलंग!"

तिनं पायथा धरला, मी उसा. पलंगाचा पाय फुटलेल्या फरशीत अडकला. आई ओरडली. असं ओरडणं मी तिचं दवाखान्यात बी ऐकलं नव्हतं. मी वर पाहू का खाली, समजेना. पलंग उचलून झटका देल्ला, तवा सरकला. भिंतीपाशी गेल्यावर बटन दाबलं. पंखा हळू झाला तसा झोका मोठा होत गेला. मंग वाकडा होऊन थांबला.

मिस्त्री वर चढला अन् बोल्ट काढून माह्या हातावर ठेवला. मधातून घासून घासून काडीएवढा राहिला होता.

नवीन बोल्ट लागला. पलंग भिंतीपाशी ठेवला तं चुलीकडं जाता येत नव्हतं, म्हणून परत पंख्याखालीच आणला. पण बटन दाबाले कोणी उठेना. आईच्या मानेवरून घाम वाहत होता.

"दाब ना गा. उकडून मारते का आता?"

मी दाबलं. यावेळी दारात गेलो नाही. तिच्या पलंगाच्या काठावर, त्या पंख्याच्या खाली जाऊन बसलो अन् वर पाहत राहिलो.

"सरक तिकडं," आई म्हणाली, "हवा अडवून राहिला माही."

मी सरकलो नाही.