मोज्याची टाच

दुपारचे तीन वाजलेत. हेमलताचे डोळे मिटतायत आणि ती काही त्यांना मिटू देत नाहीये. अंघोळ करून चार घास खाऊन ये, म्हणून दवाखान्यातून तिला दोन तासांसाठी घरी पाठवलंय. यातलं काहीही न करता बाई पलंगाला टेकून विणत बसली आहे.

मृणालला, तिच्या एकुलत्या लेकीला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली. आज नववा दिवस. पोर काचेच्या पेटीत आहे, वजन एक किलो शंभर. सकाळी सिस्टर म्हणाल्या, "पाय गार पडतायत हो आजी. लोकरीचे मोजे आणा. विकतचे तिला मांडीपर्यंत येतात." तेव्हापासून हेमलताला दुसरं काही सुचत नाही.

चार सुयांवर पोटरी कशीबशी झाली, पण टाचेशी येऊन गाडं अडलंय. तीनदा उसवून झालं. काळजीने हात असे आवळलेत की टाक्यांत सुईसुद्धा शिरेना. या घरात प्रत्येक बाळाचे पहिले मोजे कुमुदवन्संनी विणायचे. मृणालचेही त्यांनीच विणले होते. थोरल्या नणंदेचा मान तो, आणि कलाही त्यांचीच. वन्संना जाऊन तीन वर्षं झाली आणि टाच वळवायची रीतही त्यांच्याबरोबर गेली.

"शिकवते म्हटलं की नेमकं तुझं दूध उतू जायचं," कुमुदवन्सं म्हणतात.

त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आहेत. चष्म्याची दोरी तीच, मानेला घासून काळी पडलेली. हेमलताला यात वावगं काही वाटत नाही.

"वन्सं, जेवलात?"

"ते राहू दे. मोजा दे इकडे." वन्सं डावा हात पुढे करतात. त्या पहिल्यापासून डावऱ्या.

हेमलताचा हात पुढे जातो आणि चटका बसावा तसा मागे येतो. गेलेल्या माणसाने काही मागितलं तर द्यायचं नसतं, एवढं तिला झोपेतही कळतं. आणि तेही बाळाचं!

"नाही देणार."

"मग टाच कशी वळवशील?"

"तुम्ही शिकवा."

"तीस वर्षं तेच करतेय," वन्सं म्हणतात.

लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळतो. त्याच्या मागे दोघी स्वयंपाकघरात येतात. शेगडीवर दूध पातेल्याच्या काठापर्यंत येऊन तसंच थांबलंय. ओट्याच्या पलीकडे दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे, ओळीने काचेच्या पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीत लोकरीचा एकेक गुंडा श्वास घेतोय.

"यातली माझी कुठली?" हेमलता या पेटीवरून त्या पेटीवर धावते. सगळे गुंडे सारखेच दिसतात.

वन्सं एका पेटीशी वाकतात. "गार पाय घेऊन जाऊ नये गं पोरीने."

"कुठे? वन्सं, कुठे जाऊ नये?"

वन्सं धाग्याचं टोक शोधत राहतात.

"तुम्ही तिला न्यायला आलात का?" हेमलता त्यांचे पाय धरते. "मला न्या हो. आत्ता न्या. तिला अजून आईने कुशीतसुद्धा घेतलेलं नाही."

"ऊठ. वेडी का खुळी तू?" वन्सं खरोखरच रागावल्या आहेत. "मृणालची आत्या आहे मी. आत्या न्यायला येते का? आत्या बारशाला येते."

"मग मोजा कशाला मागितलात?"

"विणायला, दुसरं कशाला? बरं, तुझ्याच हातात राहू दे. मी तुझे हात धरते."

त्या मागून हात धरतात. त्यांची बोटं माठासारखी गार आहेत. "सैल सोड. लोकरीचा गळा आवळतेस का? हं. अर्धे टाके तसेच राहू देत. आता एक टाका सोडून वळ. परत मागे. पुन्हा एक सोडून वळ."

"वन्सं, ती जगेल ना?"

"टाके मोज."

"वन्सं, एवढं सांगा."

"मोज म्हटलं ना."

ती रडत रडत मोजते. नऊ, दहा, अकरा. कुठेतरी फोन वाजतोय.

फोन उशाशी वाजतोय. उन्हाची तिरीप फरशीवर आहे, व्हरांडा नाही की वन्सं नाहीत. हेमलता फोनकडे बघत नाही. तो उचलायचं तिला बळ नाही. ती मांडीवर बघते.

टाच वळली आहे. गोल, एवढीशी, चिंचोक्यासारखी. हेमलताचे टाके जन्मभर उजवीकडे कलत आले. टाचेचे सगळे डावीकडे कललेत. ती मोज्यात अंगठा घालते. तो अलगद टाचेपर्यंत जातो.

फोन वाजायचा थांबतो आणि लगेच परत वाजतो. ती डोळे मिटून कानाला लावते.

"आई, किती वेळ उचलत नाहीस?" मृणालचा आवाज बसलाय. "सिस्टर विचारतायत, मोजे झाले का म्हणून."

हेमलता डोळे उघडते.

"एक होत आलाय गं," ती म्हणते, आणि अंगठा मोज्यातून काढत नाही.