कोरी थुंकी

माणसाची थुंकी तीर्थासारखी जपून धरणारं माणूस अख्ख्या धारवाडात एकच, आणि ते सप्तापुरात आमच्या माडीवर भाड्यानं राहतं. रसायनं शिकलेली बाई आहे. मी तिला अक्का म्हणतो. कुणी औषध घेतलं असेल तर ते त्याच्या थुंकीत, घामात, लघवीत किती उतरलंय, ते एका थेंबावरून ओळखणारी पट्टी ती बनवते. घरी आलेल्याला आधी चहा, मग बाटली. माझ्या थोरल्या मेव्हणीपुढं बाटली धरली तेव्हा मेव्हणी कडाडली, "जेवायला बोलावलंय का थुंकायला?" हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात पोती उतरवणाऱ्या हमालाकडं बघून ही म्हणते, "अण्णा, काय सुरेख घाम हो तुमचा!" दुसरी कुणी असती तर शिव्या खाल्ल्या असत्या. त्यानं कपाळ पुढं केलं, वर कुठल्या दुखण्यावर कुठली गोळी चालू आहे तेही सांगितलं. लोक डॉक्टरला सांगत नाहीत ते हिला सांगतात.

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि जन्मात गोळी खाल्ली नाही. ताप यायचा, तो कंटाळून आपणहून जायचा. पट्टी खरं बोलते का ते तपासायला अक्काला असंच बिनऔषधाचं माणूस लागतं. माझा थेंब टाकला की पट्टीला जोडलेल्या यंत्रावरची रेघ डुंबणाऱ्या म्हशीसारखी निवांत पडून राही. "अप्पा, तुम्ही माझा कोरा नमुना," ती म्हणाली, आणि मी ते पानाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

यंदा चालताना डोळ्यांपुढं अंधार आला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलाय, रोज एक गोळी, जन्मभर. मी साफ नाही म्हणालो. एवढं विद्येचं काम माझ्यावर अडलेलं! बायकोनं जिन्याखालून हाक मारली, "अक्का, खाली ये गं! हे थुंकीपायी जीव देणार बघ."

अक्का तरातरा उतरली. गोळी आणि पाणी माझ्यापुढं धरून म्हणाली, "साकु री अप्पा, पुरे झाला हट्ट!"

"अगं, मग तुझं काम?"

"कोरा माणूस मला उद्या मिळेल. तुम्ही पडलात तर मी भांडू कुणाशी?"

घेतली.

आता तालमीतला एक पैलवान तिचा कोरा नमुना आहे. तो जिना चढतो तेव्हा मी पेपरात तोंड घालतो. अक्कानं माझीच गोळी ओळखणारी पट्टी करायला घेतलीय, त्यामुळे माझीही बाटली जाते. परवा येऊन म्हणाली, "रेघ चढली, अप्पा! छान चढली!" इतक्या आनंदानं म्हणाली की, आडव्या रेघेचं तिनं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं. मनातल्या मनात. तिला मी नुसतं "हं" म्हणालो.