नंदनवन ते दिल्ली, सीट उरली तर

पायलटशी लग्न करून फुकट जग फिरायची स्वप्नं पाहणाऱ्या मुलींनो, हे जरूर वाचा. माझा नवरा राहतो नागपूरच्या नंदनवन कॉलनीत आणि नोकरीला जातो दिल्लीला. "दीड तासाचं तर विमान. हिंगण्याच्या फॅक्टरीत जाणाऱ्यालाही तेवढाच वेळ लागतो," असं तो ऐटीत सांगतो. दिल्लीला बिऱ्हाड हलवू म्हटलं की उत्तर तयार: "आई नागपूर सोडणार नाही." म्हणून या खेपेला मी सोबत गेले. बघू तरी तो दीड तास!

पहाटे ऑटोने विमानतळ गाठला. चारशे रुपये तिथेच गेले. स्टाफ तिकीट म्हणजे पैसे भरणारे सगळे बसल्यावर जागा उरली तरच आपली. पहिलं विमान भरून गेलं, दुसरंही. तिसऱ्यात बसलो तोवर हिंगण्याचा माणूस डबा खात असेल. याच भीतीने साहेब ड्यूटीच्या आदल्या दिवशी निघतात, म्हणजे सुट्टीतला एक दिवस इथेच खलास.

दिल्लीत विमानतळाजवळ सहा पायलटांनी मिळून भाड्याने घेतलेला फ्लॅट आहे. पलंग तीन, जो येईल त्याचा. नवऱ्याच्या मालकीची फक्त एक उशी, तिच्यावर स्केचपेनने नाव. फ्रिजमध्ये वाळलेले पराठे. इंदूरचा एक कॅप्टन अभिमानाने म्हणाला, "भाभीजी, यहाँ बिलकुल घर जैसा माहौल है." घर याने शेवटचं कधी पाहिलं, देव जाणे.

दोन दिवस तो विमानं उडवत होता, मी मेट्रोने दिल्ली बघितली. (चांदणी चौकातली जिलेबी खा, फ्लॅटवरचे पराठे टाळा.) परतताना गेटवर एकच सीट उरली. कॉकपिटमधली जादाची खुर्ची दुसऱ्या पायलटने आधीच पटकावलेली.

"तू जा. मी पुढच्याने येतो," कॅप्टनसाहेब खाली बघत म्हणाले. मला कीव नाही, संताप आला. रोज शेकडो लोकांना घरी पोचवणारा हा माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी बाकड्यावर बसलाय.

घरी सासूबाई दारातच होत्या. "तो काहून नाही आला वं?"

"त्याच्या कंपनीच्या विमानात त्यालेच जागा नव्हती."

"मंग चालवत कोण होतं?"

"असन कोणी. त्याचंबी घर तिसऱ्याच गावाले असन."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, पलंग, पराठे, उशीसुद्धा. संध्याकाळी त्याचा फोन आला: पुढचंही विमान भरलं, उद्या येतो, पण परवा ड्यूटी, म्हणून रात्रीच परत निघावं लागेल. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"येऊ नको गा. तिथंच घर पाह्य. आम्ही दोघीबी येतो तिथं राहाले."

"आई, तुले तिथं करमणार नाही."

"मले इथं तरी कुठं करमून राहिलं?"